तुझे आकडे कुठायत?

यादी करणं हा आपणा बायकांचा जन्मजात उद्योग. वाण्याची यादी, लग्नातल्या आहेराची यादी, गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कुणाला कुठल्या खोलीत झोपवायचं त्याची यादी, बचत गटात कुणाचा हप्ता राहिला त्याची यादी. आणि प्रत्येक यादीला एक क्रम असतोच. कुणाला पैठणी, कुणाला साधी सहावारी आणि कुणाला नुसता ब्लाऊजपीस, हे ठरवताना आपण जे करतो त्यालाच इंग्रजीत रँकिंग म्हणतात. त्यामुळे घरातली पोरं लॅपटॉप उघडून ‘प्लेअर्सचं रँकिंग’ करत बसली की ‘काय मेला रिकामा उद्योग!’ म्हणून स्वयंपाकघरात निघून जाऊ नये. जरा वाकून बघावं. मी बघितलं. त्या यादीत कोण कोण आहे ते दिसलंच, पण कोण नाही ते जास्त ठळक दिसलं. आज त्याबद्दलच लिहायचंय.

आमचं राहणं महाडला आणि मूळ घर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर. मे महिन्यात आणि दिवाळीत सगळी भावंडं तिकडे जमतात. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा लोणेऱ्याला इंजिनिअरिंग करतोय. होस्टेलवर कुणीतरी त्याला अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा एक कॉम्प्युटर गेम दाखवला. त्यात म्हणे आपल्याला संघाचा मॅनेजर होता येतं. दरवर्षी नवी पोरं येतात, प्रत्येकाची उंची, वजन, वय आणि शंभरपैकी गुण पडद्यावर दिसतात. आज तो किती चांगला आहे याचे वेगळे गुण आणि पुढे किती चांगला होईल याचे वेगळे! कुणाला आधी उचलायचं ते आपण ठरवायचं. पुढचे सामने कॉम्प्युटरच लुटुपुटूचे खेळून दाखवतो.

आमच्या चिरंजीवांनी तेच कबड्डीवर बसवलं. सहा संघ केले. सावित्री, गांधारी आणि काळ या तीन नद्या आणि रायगड, मंगळगड, चंद्रगड हे तीन गड. घरातलं एकेक पोर एकेका संघाचं मालक. आसपासच्या गावांत खेळणाऱ्या चोवीस होतकरू मुलांची यादी. सामना लागला की दोन्ही संघांचे आकडे तक्त्यात टाकायचे, आणि नशिबाचा भाग म्हणून लुडोचा फासा. जो हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची. (हा नियम माझा. त्यामुळे निदान मे महिनाभर हा खेळ मला फार आवडला.)

पैशाचं आधीच सांगून टाकते, कारण ‘फँटसी लीग’ म्हटलं की आयांच्या पोटात गोळा येतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली, आणि क्रिकेटचे संघ बनवून पैसे लावायला लावणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना ते पैशाचे खेळ बंद करावे लागले. चांगलं झालं, असं माझं मत. पण पैसा काढून घेतला की मागे जे उरतं, ते वाईट नाही. उरतं ते निरीक्षण. कोण कसा खेळतो, कुठे कमी पडतो, कुणात दम आहे, हे बारकाईने बघायची सवय. ती सवय लागलेल्या पोरांना नावं ठेवू नयेत.

आता हा ‘ड्राफ्ट’ काय प्रकार आहे? आपल्याकडे लिलाव माहितीचा. ज्याच्या खिशात पैसा तो बोली लावतो. आपल्या मातीतल्या कबड्डीचंच बघा. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा लिलावात सगळ्यांत महाग गेलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. चारच वर्षांत, २०१८ मध्ये, मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाख ५० हजारांवर थांबली. आमच्या कोकणात लंगोट बांधून हुतूतू खेळलेल्या म्हाताऱ्यांना हे आकडे सांगितले की ते आधी हसतात आणि मग गप्प होतात.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये नव्या पोरांसाठी असा लिलाव नसतो. तिथे संघ एकेक करून निवडतात. त्यात एक गंमत आहे. आदल्या वर्षी जे संघ तळाला राहिले, त्यांना आधी निवडायची संधी जास्त. जो शेवटून पहिला, त्याला पंगतीत आधी वाढायचं! मला तर हा नियम कुण्या आईनेच केला असावा असं वाटतं. घरातल्या अशक्त पोराला साय आधी, तसं.

एवढं सगळं शिस्तीत केलं तरी अंदाज चुकतातच. १९८४ साली मायकेल जॉर्डन तिसऱ्या नंबरावर निवडला गेला. त्याच्या आधी दुसऱ्या नंबरावर ज्या सॅम बोवीला घेतलं, त्याची कारकीर्द पायाच्या दुखापतींनी खाल्ली. २०१४ साली निकोला योकिच नावाचा सर्बियाचा जाडसर मुलगा ४१ व्या नंबरावर गेला. तो पुढे तीन वेळा त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे मोठमोठे पगारी तज्ज्ञसुद्धा माणूस ओळखायला चुकतात. आमच्या पुतण्याला मी हे ऐकवलं तर तो म्हणाला, “काकी, म्हणूनच तर मजा आहे. चुकलो तर का चुकलो ते बघता येतं. आकडे लिहिलेले असतात ना!”

लिहिलेले असतात... हे वाक्य लक्षात ठेवा.

तर एका संध्याकाळी चोवीस जणांच्या यादीवर घनघोर वाद चालला होता. एक मुलगा चढाईला फार चांगला, पण त्याचे गुण दुबळ्या संघांविरुद्धचे. दुसऱ्याने पाचच चढाया केल्या आणि चार यशस्वी, पण पाचावरून काय ठरवणार? पन्नास बघायला हव्यात. तिसरा कोपऱ्यात उभा राहून घोटा पकडण्यात वस्ताद, पण तेवीस वर्षांचा. आता तो अजून किती वाढणार? चौथा सतरा वर्षांचा, आज कच्चा, पण दोन वर्षांनी बघा! मी भाकऱ्या थापता थापता ऐकत होते. खरं सांगते, एखाद्या बँकेच्या मॅनेजरने कर्ज देताना इतका विचार केला नसेल.

आणि तेवढ्यात माझी भाची, नणंदेची मुलगी, नववीत शिकणारी, शाळेच्या संघात डावा कोपरा खेळणारी, म्हणाली, “दादा, मी कितव्या नंबरावर?”

कुणी हसलं नाही. पुतण्या तसा गुणी आहे. त्याने तक्ता खाली सरकवला, वर सरकवला, आणि अगदी सरळ मनाने विचारलं, “अगं, पण तुझे आकडे कुठायत?”

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलांचे आकडे त्याने आणले होते कुठून? भातकापणी झाली की आमच्याकडे शेतात मैदानं आखली जातात. दिव्यांच्या झोतात रात्र रात्र स्पर्धा चालतात. हल्ली गावच्या स्पर्धासुद्धा यूट्यूबवर लाइव्ह दिसतात, मागे बसून कुणीतरी रंगतदार समालोचन करतं. पोरांनी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून चढाया मोजल्या, पकडी मोजल्या. मुलींचे सामने मात्र मी जे जे पाहिलेत ते बहुतेक शाळेचे. सकाळी दहाचं ऊन, पंधरा प्रेक्षक, त्यात निम्मे शिक्षक. टेबलावर गुणपत्रक भरतात, नाही असं नाही. पण सामना संपला की निकाल फळ्यावर आणि कागद गठ्ठ्यात. कोण जिंकलं ते उरतं, कोणी काय केलं ते उरत नाही.

मग सगळ्यांनी मिळून भाचीचे आकडे गोळा करायचा प्रयत्न केला. तिला आठवलं की ‘त्या एका सामन्यात मी चार पकडी केल्या होत्या, बहुतेक पाच’. तिच्या आईने म्हटलं, “खेळते चांगली, पण गुडघे फोडून घेते.” सासूबाईंनी तर जाहीरच केलं, “माजी नात वाघीन हाय!” आता वाघीण हा आकडा तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसवायचा? पोर हिरमुसली आणि सावित्री संघाची भांडी घासायला निघून गेली. तिचा संघ हरला नव्हता, तरीसुद्धा.

त्या रात्री मला झोप लागेना. कारण या मुलीचे आकडे कुठेच नाहीत, हे खोटं आहे. आहेत की! तिची उंची आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पाच फूट दोन. सहावीपासून तिची आत्या आणि आजी ती मोजतायत. तिचा रंग ‘निमगोरा’ अशी नोंद झालेली आहे. चष्मा नाही, ही नोंद आहे. रास, नक्षत्र, गण, नाडी, सगळं एका पिवळ्या कागदावर लिहून कपाटात ठेवलंय. मैत्रिणींनो, आपल्या मुलींचं रँकिंग होत नाही असं कोण म्हणतं? एका ड्राफ्टची तयारी आपण त्यांच्या जन्मापासून करत असतो. फक्त तो ड्राफ्ट स्थळांचा असतो. तिथे उंची मोजतात ती नवऱ्याला शोभेल का म्हणून. हीच उंची, हेच लांब हात, हेच बळकट पाय घोटा पकडायला किती उपयोगी आहेत, याचा रकाना त्या कागदावर नसतो. फार तर शेवटी एक ओळ, ‘छंद : वाचन, खेळ’.

ज्या यादीत आपण काय आहोत ते लिहितात, तिथे मुलगी पहिल्या दिवसापासून हजर. ज्या यादीत आपण काय करतो ते लिहितात, तिथे तिची वही कोरी. माझा राग आहे तो यावर.

काही जणी म्हणतील, कशाला हवीत ती आकड्यांची थेरं? मुलं काय बाजारातली भाजी आहेत, नंबर लावून मांडायला? हा प्रश्न मलाही पडतो. एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘तू एकोणिसावा’ म्हणणं क्रूर आहे. पण मला असं दिसतं की नंबर शेवटचा लागला तर माणूस तक्रार करू शकतो, भांडू शकतो, पुढच्या वर्षी वर येऊ शकतो. ज्याचं नावच नाही, त्याने कुठे जाऊन भांडायचं?

अमेरिकेतलीच एक गोष्ट सांगते. लुसिया हॅरिस नावाची मिसिसिपीतली कृष्णवर्णीय मुलगी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा खेळलं गेलं, आणि त्या स्पर्धेतला पहिला बास्केट तिने टाकला. डेल्टा स्टेट या तिच्या कॉलेजला तिने ओळीने तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. १९७७ साली न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या संघाने ड्राफ्टमध्ये चक्क तिचं नाव पुकारलं, १३७ व्या नंबरावर. ती गेली नाही. ती तेव्हा गरोदर होती, आणि पुरुषांमध्ये आपला निभाव लागेल असंही तिला वाटलं नाही. बायकांची मोठी लीग अमेरिकेत तेव्हा नव्हतीच. ती पुढे विस्मृतीत गेली. पण कॉलेजच्या दप्तरात तिचे २,९८१ गुण लिहिलेले होते! पंचेचाळीस वर्षांनी तिच्यावर माहितीपट निघाला, २०२२ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षीच्या जानेवारीत ती गेली. ते गुण कुणी मोजलेच नसते, तर ‘आमच्या गावात एक उंच मुलगी होती, बरी खेळायची’ एवढंच उरलं असतं.

आपल्याकडेही बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना गेली, त्या लिलावातली सर्वांत महाग. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा पोलादपूरच्या हॉटेलांतसुद्धा टीव्हीपुढे गर्दी होती. हे एका रात्रीत झालेलं नाही. क्रिकेटला स्कोअरबुकाची जुनी सवय आहे. मुलींच्या सामन्याचंही पान भरलं जातं, त्यामुळे बोली लावणाऱ्यापुढे काहीतरी ठेवता येतं.

कबड्डीत आपल्या मुली कमी आहेत का? २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या : अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी १ कोटी दिले. २०१५ चा अर्जुन पुरस्कार अभिलाषाला मिळाला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणने आपल्याला अंतिम सामन्यात २७-२४ असं हरवलं, तेव्हा आमच्या घरी कुणी जेवलं नाही. २०२३ ला हांगझोऊमध्ये चायनीज तैपेईला एका गुणाने, २६-२५ असं हरवून सुवर्ण परत आणलं, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला पुन्हा विश्वचषक! एवढं असूनही २०१६ साली प्रो कबड्डीच्या जोडीने जी महिलांची स्पर्धा झाली, त्यात अवघे तीन संघ होते. अंतिम सामना २४-२३ असा सुटला, म्हणजे चुरशीला काही कमी नव्हती. पण ती स्पर्धा पुढे दरवर्षी भरली नाही. पुरुषांची मात्र दरवर्षी भरते, फक्त कोरोनाच्या वर्षी खंड पडला.

आता कुणी म्हणेल, बाई, कुठे अमेरिका, कुठे ढाका आणि कुठे आमची वाडी! प्रत्येक मुलगी थोडीच देशासाठी खेळणार आहे? बरोबर. पण आकड्यांचा उपयोग तेवढाच नाही. शाळेतून जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेत, पोलिसांत कबड्डीने किती घरं उभी केली ते मुंबईत गेलेल्या आमच्या कोकणातल्या माणसांना विचारा. या सगळ्याची पहिली पायरी तालुक्याच्या निवडीची. आणि ती निवड बऱ्याचदा एखाद्या सरांच्या आठवणीवर चालते. सर प्रामाणिक असतील हो. पण दिवसभरात आठ सामने बघणाऱ्या माणसाला काय आठवणार? जी उंच आहे, जी मोठ्याने ओरडते, जी चढाईला जाते, ती. घोटा धरून मातीत पडलेली पोर आठवत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एक वही घेतली. साधी, दोनशे पानी. भाचीच्या संघाचे सहा सामने मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. पुतण्याने रकाने आखून दिले : चढाई, गुण मिळाला, रिकामी आली, बाद झाली, पकड, फसलेली पकड. पहिल्या सामन्यात माझी तारांबळ उडाली. दुसऱ्यात हात बसला. आणि तिसऱ्या सामन्यात मला जाणवलं, या तक्त्यात काहीतरी राहतंय.

पकड झाली की गुण एकीच्या नावावर चढतो. पण घोटा धरणारी एकटी कितीही वाघीण असली तरी चढाई करणारी तिला ओढत मध्यरेषेपर्यंत नेते. तिच्या शेजारची दुसरी धावून येऊन कमरेला मिठी मारते, तेव्हा कुठे ती थांबते. या दुसरीच्या नावावर काहीच नाही! मी एक नवा रकाना आखला आणि त्याला नाव दिलं ‘साथ’. सहा सामने संपल्यावर बेरीज केली. भाचीच्या नावावर सर्वांत जास्त पकडी निघाल्या, सतरा. पण ‘साथ’च्या रकान्यात भलतीच मुलगी पहिली आली. वरच्या वाडीवरून दीड तास चालत शाळेत येणारी, कधी तोंडातून शब्द न काढणारी. सतरापैकी अकरा पकडींत ती होती. तिला संघात घेतात ते सात जणी भरायच्या म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. तिला स्वतःलाही.

साथ देणाऱ्या बाईचा रकाना नसतो, हे काय आपल्याला कबड्डीतच पहिल्यांदा कळतंय? असो.

वही मी सरांना दाखवली. त्यांनी आधी ‘ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात’ असं म्हटलं. मग पानं चाळली. मग चष्मा काढून पुन्हा चाळली. तालुक्याच्या संघाची चर्चा झाली तेव्हा त्या वरच्या वाडीच्या मुलीचं नाव पहिल्यांदा निघालं. राखीव म्हणून का होईना, ती गेली. वहीने चमत्कार केला असं मी म्हणत नाही. नाव निघालं, एवढंच म्हणते. नाव निघणं ही लहान गोष्ट नाही.

आणि दिवाळीत चंद्रगड, मंगळगडाच्या मालकांनी नवा ड्राफ्ट केला तेव्हा त्या यादीत या संघातल्या मुली होत्या. ‘साथ’ला किती गुण द्यायचे यावर पोरं दोन संध्याकाळ भांडली. एक म्हणे पकडीच्या निम्मे, एक म्हणे पाव. मला ते भांडण फार गोड वाटलं. बाईच्या कामाची किंमत किती धरायची यावर आमच्या घरात पुरुषमंडळी इतका वेळ भांडल्याचं मला तरी आठवत नाही.

वहीला धोकेही आहेत, ते सांगते. सहा सामन्यांचे आकडे म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ज्या दिवशी मुलीचं पोट दुखत असतं त्या दिवशीचा आकडा वेगळा, उपाशीपोटी आलेल्या मुलीचा आकडा वेगळा. हे वहीत येत नाही. कुठली पोर कुणाला हात देऊन उठवते, तेही येत नाही. म्हणून पेनाऐवजी पेन्सिलने लिहावं. आणि क्रमांक लावायचाच तर तो निवडणाऱ्याने लावावा. पोरींच्या हातात नंबर देऊ नये, त्यांचे आकडे द्यावेत. ‘तू चौथी आहेस’ म्हटलं की मुलगी खचते. ‘तुझ्या दहा पकडींतल्या सहा फसल्या, त्यातल्या पाच तू घाई केलीस म्हणून’, असं म्हटलं की ती दुसऱ्या दिवशी लवकर मैदानावर येते. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

मुली दहावीनंतर खेळ सोडतात, ही ओरड आपण नेहमी ऐकतो. कारणंही ठाऊक आहेत. कॉलेजला महाडला यायचं, सराव संध्याकाळी, आणि वर गावाकडे जाणारी शेवटची एसटी कुणासाठी थांबत नाही. हाफ पँटवरून बोलणारी तोंडं असतात. आयांना काळजी असते. पण सोडताना मुलीच्या हातात तरी काय असतं? ‘सहभागी झाल्याबद्दल’ असं लिहिलेला एक कागद. तोही टिकेल याची खात्री नाही. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधल्या कित्येक घरांतली प्रमाणपत्रं चिखलाच्या गोळ्यात गेली. वडिलांना ‘हिला खेळू द्या’ म्हणून पटवायचं तर तिच्यापाशी पुरावा काय? सतरा पकडी लिहिलेलं पान असेल तर बाप निदान वाचतो. आमच्या भावजींनी वाचलं.

तर माझं म्हणणं एवढंच. आपल्या महाड-पोलादपुरात गावोगावी महिला बचत गट आहेत. पन्नास रुपयांचा हप्ता कुणी कधी भरला, उशीर झाला तर दंड किती, सगळं आपण पै-पैशाने लिहितो. अंगठा लावणाऱ्या बायका सही करायला शिकल्या त्या याच वह्यांवर. हिशेब ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. मग मुलींच्या शाळेचा सामना असेल त्या दिवशी गटातल्या दोघींनी मैदानावर जाऊन बसावं. एकीने चढाया मोजाव्यात, दुसरीने पकडी. नियम येत नसतील तर पोरीच शिकवतात, आनंदाने शिकवतात. दोन सामन्यांत हात बसतो. पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुराची भीती नाही. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलीला तिच्या आकड्यांचं एक पान सही करून द्यावं. खर्च एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा.

आणखी एक होतं, ते मला आधी सुचलं नव्हतं. कडेला वही घेऊन बसलेली बाई दिसली की मैदानाची हवाच बदलते. टवाळ पोरं जरा लांब उभी राहतात. शिक्षकांना चहा मागवावासा वाटतो. आणि मुली... मुली जास्त जोरात खेळतात हो. कुणीतरी आपल्याला मोजतंय, हे त्यांना कळतं.

जानेवारी उजाडला की गावोगावी मैदानं आखली जातील. रकाने कसे आखायचे ते विचारायला कुणीही यावं, मी सांगेन. फक्त ‘साथ’चा रकाना विसरू नका.